दोन साच्यांमधली रेघ

चावडी बाजारच्या मेट्रो स्थानकातून वर येता तेव्हा तुमचे डोळे उन्हाने दिपतात. समोर सायकलरिक्षांची कोंडी, डोक्यावर तारांचं जाळं आणि दुतर्फा दुकानांतून नळ, बिजागऱ्या, साखळ्या, कड्या. ‘चावडी’ हा शब्द मराठीतून इथे आला असं दिल्लीत सांगतात, त्यामुळे तुम्हाला थोडं घरच्यासारखंही वाटतं. एका दुकानाच्या पायरीशी थांबून तुम्ही बारा-तेराचा पाना मागता. “बारह-तेरह की चाबी,” दुकानदार आतल्या पोराला ओरडून सांगतो. पोरगा चार खोकी आणून फळीवर ठेवतो. एक जालंधरचं, एक लुधियान्याचं, एक राजस्थानातल्या नागौरचं, एक आपल्या नाशिकचं.

त्यातला स्वस्तातला पाना उचला. महाग पान्यावर क्रोमचा असा मुलामा असतो की तो कसा जन्मला ते कळत नाही. स्वस्तातल्याच्या कडेवरून अंगठा फिरवा. दांड्याच्या जाडीच्या बरोबर मधून, एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत, एक बारीक रेघ अंगठ्याला लागते. घासूनही ती पुरती गेलेली नाही. वरचा साचा आणि खालचा साचा इथे एकमेकांना भेटले होते. अंगठा तिथेच राहू द्या आणि डोळे मिटा.

पहिला धक्का तळपायाला बसतो. कानांना तो नंतर कळतो.

जानेवारी १९६९, फरिदाबाद. बाहेर इतकं दाट धुकं की फाटकावरच्या दिव्याचा नुसता पिवळा डाग उरलाय. आत रात्रपाळी चालू आहे. पत्र्याच्या उंच शेडमध्ये तेलावरची भट्टी घुमते आहे, आणि तिच्यापासून चार पावलांवर दोन खांबांच्या मधोमध बेल्ट ड्रॉप हॅमर उभा आहे. वर आढ्याशी एक लोखंडी ढोल अखंड फिरतोय, त्यावरून रुंद पट्टा खाली आलाय आणि पट्ट्याला एक टनाचा घण लटकलाय. या घणाला इथे ‘टप’ म्हणतात. दोरी ओढली की पट्टा ढोलाला आवळला जातो आणि टप वर चढतो. दोरी सोडली की टप पडतो. दीड मीटरवरून सुटलेला टप खाली पोचेस्तोवर सेकंदाला पाच मीटरहून जास्त वेग घेतो. खालची ऐरण टपाच्या पंधरा-वीस पट जड ठेवतात, तरी प्रत्येक घावाला शेडची जमीन हलते आणि खुंटीवर टांगलेले जेवणाचे डबे वाजतात.

इथे कुणी बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येणार नाही. दोन बोटं वर झाली की दोन घाव. मूठ वळली की थांबायचं. हॅमरवाल्याने कानांत कापसाचे बोळे घातलेत. पन्नाशीचा असेल. पाळी संपल्यावर घरी बायकोशी तो मोठ्याने बोलत असणार, हे तुम्हाला न सांगता कळतं.

भट्टीवाला लांब सांडशीने एक कांडी बाहेर काढतो. तिचा रंग नीट बघा. बाराशे अंशांच्या आसपास तापलेलं पोलाद लाल नसतं. झेंडूच्या फुलाच्या आत दिवा लावावा तसं ते पिवळं-नारिंगी असतं. लाल दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला, आता ते साच्यात पसरणार नाही, उलट साच्यालाच मारेल. आणि फार तापलं तर त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. मग ते पोलाद जळालं, भंगारात गेलं. भट्टीला तापमापक लावलेला आहे, पण भट्टीवाला त्याच्याकडे बघत नाही. तो कांडीकडे बघतो.

कांडीची कंबर आधीच शेजारच्या लहान हॅमरवर बारीक केली आहे, दोन्ही टोकांना गोळा ठेवला आहे. पान्याची दोन तोंडं त्या गोळ्यांतून निघणार. खालच्या साच्यात शेजारीशेजारी दोन खोलगट आकार कोरलेत: पहिला ओबडधोबड, दुसरा नेमका. कांडी पहिल्यात पडते. धाड. लगेच दुसऱ्यात. हवेची नळी फुत्कारते, पृष्ठभागावरचं काळं कीट उडून जातं. धाड, धाड. हाताखालचा पोरगा तेलकट भुशाची चिमूट साच्यात फेकतो. भुसा पेटतो, त्याचा वायू पान्याला खालून ढकलतो आणि पाना साच्यातून सुटतो. सगळं मिळून पंधरा सेकंदही झालेले नाहीत.

सांडशीत धरलेल्या त्या वस्तूला पाना म्हणावं अशी ती अजून दिसत नाही. तिच्या चहूबाजूंनी पातळ, वेडीवाकडी झालर आली आहे. तुम्ही दिवाळीत साच्यातल्या करंज्या केल्या असतील तर हे ओळखीचं आहे. साचा दाबला की पारीचा जादा भाग कडेने बाहेर येतो, तो आपण कातणाने कापून टाकतो. या झालरीला कारखान्यात ‘फ्लॅश’ म्हणतात. पण करंजीची कड नुसती जादा असते, ही झालर काम करते. दोन साच्यांच्या फटीतून बाहेर पडलेलं पोलाद पातळ असतं, म्हणून ते आधी गार होतं आणि दारात अडून बसतं. आतल्या पोलादाला मग बाहेर वाट उरत नाही. पुढचा घाव बसला की ते नाइलाजाने कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतं, अक्षरांच्या खाचांत शिरतं. झालर आली नसती तर पान्याचे जबडे अर्धवट राहिले असते.

साच्यात हे पोलाद ओतलं का नाही? वितळवून ओतणं सोपं नसतं का? आपल्याकडे जुन्या शेतकऱ्याला नांगराचं लाकूड निवडताना बघितलं असेल तर याचं उत्तर तुमच्याकडे आहे. तो सरळ फळीतून बाक कापून काढत नाही, मुळातच वाकलेली बाभळीची फांदी शोधतो. तिच्या रेषा बाकाबरोबर वळलेल्या असतात, म्हणून ती ओढीला तुटत नाही. लाटलेल्या पोलादाच्या कांडीतही असेच लांबच लांब तंतू असतात. घणाखाली ते तुटत नाहीत, पान्याच्या जबड्याभोवती वळतात. गंजलेल्या बोल्टवर तुम्ही सगळा भार टाकता तेव्हा जबडा फाकत नाही, तो या वळणामुळे.

झालरीसकट पाना शेजारच्या प्रेसवर जातो. तिथे बसलेला माणूस गरम पाना कापणीच्या साच्यावर ठेवतो, पायाने पट्टी दाबतो, झालर खाली पडते आणि पाना सुटतो. त्याच्या सांडशीकडे बघता बघता तुमची नजर त्याच्या हातावर जाते. डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापर्यंतच आहे. तो तुमच्याकडे बघतो, हात मागे घेत नाही. पुढचा पाना ठेवतो.

इथे मला तुम्हाला क्षणभर थांबवायचं आहे, आणि पन्नास वर्षं पुढेही न्यायचं आहे. कामगार राज्य विम्याची योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली या दोनच ठिकाणांपासून सुरू झाली. म्हणजे देशात सगळ्यांत आधी ज्या दोन ठिकाणी कामगाराचा असा विमा उतरला, त्यातलं एक इथून जवळच. तरी २०१९ पासून ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल दरवर्षी काढते आहे, आणि त्यात फरिदाबाद, गुरुग्राम, मानेसरच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवताना बोटं चिरडलेल्या हजारो कामगारांच्या नोंदी आहेत. बहुतेक बोटं पॉवर प्रेसवर गेली. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खालीच येणार नाही अशी सोय करता येते. हात मध्ये आला की किरणाने प्रेस थांबेल अशीही करता येते. हे गूढ विज्ञान नाही, महागही नाही. पाना बनवणाऱ्याच्या हाताला पाना धरता आला पाहिजे, इतकी साधी मागणी आहे ही, आणि ती अजून मागावी लागते.

परत या. एकोणसत्तरची रात्र, दोन वाजत आलेत. टप पडतो आणि आवाज बदलतो. तुम्हाला फरक कळणार नाही, कापसाच्या बोळ्यांतूनही हॅमरवाल्याला कळतो. मूठ वर होते. वरच्या साच्यात, जबड्याच्या आतल्या कोपऱ्यापासून, केसासारखा तडा गेला आहे.

शेडमध्ये शांतता पसरते. आता जुनी जोडी काढायची, डोव्हटेलच्या खाचेतली पाचर ठोकून सैल करायची, राखीव जोडी बसवायची. पण थंड साच्यावर लगेच घाव घालता येत नाही. थंड पोलादाचा ठोकळा एकदम तापला आणि वरून मार बसला की तडकतो. म्हणून भट्टीतले तापलेले ठोकळे आणून दोन्ही साच्यांमध्ये ठेवतात आणि वाट बघतात. तासभर तरी लागेल. हॅमरवाला कापूस काढतो, विडी पेटवतो, तुमच्यासाठी एक पाट सरकवतो. “बैठो, बाऊजी.”

तो बन्नूचा आहे. वायव्य सरहद्दीवरचं बन्नू. तुम्ही त्याच्या विडीच्या धुराकडे बघता आणि शेड विरघळते.

हिवाळाच आहे, पण १९४९ चा. शेड नाही, पत्रा नाही, नुसते तंबू. फाळणीत सरहद्द प्रांतातून निघालेल्या सुमारे तीस हजार माणसांसाठी इथे गाव वसतंय, आणि ते गाव तीच माणसं बांधताहेत. दुकानदार विटा वाहतोय, पेढीवरचा मुनीम चुना कालवतोय. फरिदाबाद विकास मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद आहेत, कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनची तरुण मंडळी सहकारी संस्था उभारायला धडपडताहेत, सुधीर घोष प्रशासक म्हणून दिल्लीतल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवताहेत. घरं होतील, पण पोटाला काम कुठून आणायचं? कामाला कारखाने हवेत, कारखान्याला वीज हवी. तेव्हा कुणाला तरी कळतं की जर्मनीकडून युद्धभरपाईत मिळालेला एक वीजसंच कलकत्त्याच्या गोदीत खोक्यांत बंद पडून आहे, कुणालाच नको आहे. तो मागून आणतात. ज्यांनी आयुष्यात यंत्र बघितलेलं नाही अशा निर्वासित पोरांनी एका जर्मन अभियंत्याच्या हाताखाली तो जोडला.

त्या पोरांतला एक तुमच्या शेजारी उभा आहे. हातात पाना आहे, चांगला वीतभर मोठा, परदेशातून खोक्यांबरोबर आलेला. तो पाना तो उलटसुलट करून बघतो. याच्या कडेला ही रेघ कसली, असं कुणाला तरी विचारतो. उत्तर मिळत नाही. वीस वर्षांनी तोच माणूस हॅमरची दोरी ओढत असेल.

हे पुढे किती झपाट्याने झालं, ते एका दमात सांगता येतं. लाहोरला १९४४ मध्ये सुरू झालेली एस्कॉर्ट्स फाळणीनंतर इकडे आली आणि साठीच्या दशकात फरिदाबादला ट्रॅक्टर आणि राजदूत मोटारसायकली बनवू लागली. आसपास सुट्या भागांचे, हत्यारांचे, घडाईचे कारखाने उभे राहिले. त्याच सुमारास नाशिकला सातपूरच्या वसाहतीत तापडिया टूल्सने स्वीडिश तंत्राच्या मदतीने पकडी आणि पाने घडवायला सुरुवात केली, पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जचे घण पडायला लागले. देशभर एकाच आवाजाचं दशक होतं ते.

पण तुमचा अंगठा अजून त्या रेघेवर आहे, आणि रेघ याच्याही मागे जाते. मेहरौलीच्या लोहस्तंभाकडे मी तुम्हाला नेणार नाही. दिल्ली आणि लोखंड म्हटलं की सगळे तिकडेच वळतात, पण तो खांब गरम लोखंडाचे गोळे एकावर एक ठोकून जोडलेला आहे, त्यात साचा नाही. साचा शोधायचा तर टांकसाळीत जावं लागतं.

सन १३१८. तख्तावर कुतबुद्दीन मुबारक शाह खिलजी. दिल्लीच्या टांकसाळीत कोळशाची धग आहे, तराजूंची किणकिण आहे. एक जैन गृहस्थ बैठकीवर बसून नाणी पारखतोय. ठक्कुर फेरू, गाव हरियाणातलं कन्नाणा. याच वर्षी तो टांकसाळीतल्या अनुभवावर ‘द्रव्यपरीक्षा’ लिहितोय, आपल्या भावासाठी आणि मुलासाठी: कुठल्या राज्याच्या नाण्यात किती सोनं, किती चांदी, किती खोट. बावीस वर्षांपूर्वी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटून नेली. तिथल्या यादवांचा पद्मटंक फेरूच्या तराजूत ठेवा आणि शेजारी दिल्लीचा टंका ठेवा. फरक बघा. पद्मटंक वाटीसारखा खोलगट आहे. मध्ये कमळ, भोवती शंख, ‘श्री’, राजाचं नाव, आणि यातलं प्रत्येक चिन्ह वेगळ्या ठशाने, वेगळ्या घावाने, एकाच बाजूला उमटवलेलं. दिल्लीचा टंका दोन्ही बाजूंनी भरलेला आहे. खालचा साचा लाकडी ठोकळ्यात पक्का रोवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये चांदीची चकती आणि वरून हातोडा. दोन बाजू, एक घाव.

देवगिरीच्या त्या कारागिराचं काम मला कमी वाटत नाही. प्रत्येक ठसा कुठे मारायचा हे त्याला प्रत्येक नाण्याला नव्याने ठरवावं लागायचं. दिल्लीत ते ठरवणं एकदाच, साचा कोरताना झालं.

मग पावणेतीनशे वर्षं पुढे, अकबराच्या टांकसाळीत. इथे कामांची नेमकी वाटणी आहे, ‘आइन-इ-अकबरी’त ती एकेक करून नोंदलेली आहे. चकत्या कापणारा वेगळा, दोन साच्यांच्या मध्ये चकती ठेवणारा वेगळा, हातोडा मारणारा वेगळा. आणि या सगळ्यांच्या आधी येतो पोलादावर अक्षरं कोरणारा. त्याचं नाव अबुल फज़लने लिहून ठेवलं आहे: दिल्लीचा मौलाना अली अहमद. या विद्येत त्याच्या तोडीचा माणूस कुठल्याही मुलखात नाही असं अबुल फज़ल म्हणतो, आणि त्याला ‘यूझबाशी’ म्हणजे शंभरांच्या नायकाचा दर्जा होता.

मौलानाच्या मागे उभे राहा, पण सावली पाडू नका. तो पोलादाच्या तोंडावर झुकला आहे. सुईसारख्या बारीक छिन्नीने एक अक्षर खणतोय, आणि ते अक्षर उलटं आहे. साच्यात उलटं लिहिलं तरच नाण्यावर सुलटं उमटतं. जो उंचवटा नाण्यावर हवा, तिथे साच्यात खड्डा. त्याची सगळी सुलेखनकला, सगळे वळसे, तो आरशातून बघितल्यासारखे कोरतोय. टांकसाळीत रोज हजारो वेळा हातोडा पडेल. मौलाना तिथे नसेल, पण प्रत्येक घावात तो असेल.

मराठीत आपण साच्याला काय म्हणतो ते आठवा. कविता आवडली नाही तर साचेबद्ध. भाषण कंटाळवाणं झालं तर साच्यातलं. गणपतीतले मोदकसुद्धा हातवळणीचे असले तर कौतुक, साच्यातले म्हटलं की नाक मुरडणं. आणि हीच भाषा एखाद्या मोठ्या माणसाबद्दल म्हणते की त्याने आपल्या काळावर ठसा उमटवला. ठसा आणि साचा एकाच घरातले आहेत. साच्यातून निघालेली वस्तू हजारो सारख्या वस्तूंतली एक असते, म्हणून साचाही तसाच असणार असं आपण धरून चालतो. साचा बनवणारा माणूस मात्र तो आकार पहिल्यांदा बघत असतो, तोही आतून बाहेर आणि उजव्याचा डावा करून.

विडी संपली आहे. साचे तापले. तडा गेलेली जोडी दुरुस्त व्हायला तीन दिवस लागतील, म्हणून तोवर पुढचे घाव हॅमरवाल्यावर सोडा आणि पहाटे पाळी सुटताना त्याच्याबरोबर बाहेर पडा.

फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, धुक्यात एक छोटा जाळ दिसतो. लाकडी गाडा, त्यावर पितळी खिळ्यांची नक्षी. गाडिया लोहार. चितोड १५६८ मध्ये अकबराच्या हाती पडलं तेव्हा यांचे पूर्वज किल्ला सोडून निघाले, पुन्हा घर करणार नाही अशी शपथ घेऊन, असं ते सांगतात. हा तोच अकबर, ज्याच्या टांकसाळीतून आपण आत्ता आलो. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरू त्यांना घेऊन चितोडच्या किल्ल्यात गेले, शपथ सुटली असं जाहीर झालं. गाडे मात्र अजून दिल्लीच्या आसपासच्या रस्त्यांवर आहेत.

नवरा ऐरणीशी बसून सांडशीत कुऱ्हाडीचं पातं धरतो, बायको उभी राहून दोन्ही हातांनी घण मारते. तो छोट्या हातोडीने टिचकी मारून जागा दाखवतो, तिचा घण नेमका तिथे पडतो. त्यांच्याजवळ साचा नाही. दांड्याचं भोक पाडायला सुंबा आहे, कापायला छिन्नी आहे, बाकी सगळा आकार या दोघांच्या मधल्या हवेत आहे. हॅमरवाला थांबून बघतो. बराच वेळ. मग खिशातून आठ आणे काढून एक चिमटा विकत घेतो, घरी दोन आहेत तरी. मला वाटतं त्याला त्या बाईच्या घावाचा आवाज ऐकायचा होता. तेवढाच आवाज त्याला अजून स्वच्छ ऐकू येतो.

आता तीन दिवस पुढे चला. तोच कारखाना, पण हॅमरपासून लांबचं टोक. दार लोटलं की गोंगाट मागे राहतो. ही डाय-रूम. उत्तरेच्या खिडकीतून सावकाश उजेड येतोय. टेबलावर तडा गेलेली जोडी आहे. तिला टाकून दिलेलं नाही. वरचा थर तासून तड्याच्या खालपर्यंत नेलाय, जुना आकार पुसून गेलाय आणि त्याच पोलादात, थोडा खाली, नवा आकार कोरलाय. प्रत्येक वेळी साचा असा थोडा बुटका होतो. चार-सहा वेळा हे झालं की ठोकळा इतका बुटका होतो की हॅमरमध्ये बसत नाही. मग तो मोडीत.

उस्ताद साठीचे आहेत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या खिशात एक पोलादी पट्टी आहे, ती मागून घ्या आणि आपल्या पट्टीशेजारी धरा. दोन्हींवर शंभर मिलिमीटर लिहिलंय, पण उस्तादांचे शंभर तुमच्या शंभरापेक्षा सुमारे दीड मिलिमीटरने लांब आहेत. पट्टी चुकलेली नाही. पाना साच्यातून बाहेर येतो तेव्हा तापून फुगलेला असतो, गार होताना आकसतो. तेवढं आकसणं या पट्टीने आधीच धरून ठेवलंय. उस्ताद दिवसभर जगापेक्षा थोड्या मोठ्या मापात काम करतात.

साच्याच्या आतल्या भिंतीवरून करंगळी फिरवा. भिंत उभी नाही, पाच-सात अंश बाहेर झुकलेली आहे. हा उतार नसेल तर पाना साच्यात अडकून बसेल, भुसा कितीही पेटवा. आणि हे तोंड बघा. पान्याचं डोकं दांड्याच्या रेषेत नाही, पंधरा अंश तिरकं आहे. तुम्ही विचारता, असं का? उस्ताद बोलत नाहीत. टेबलाच्या कडेला एक बोल्ट अशा अडचणीत बसवलेला आहे की पाना जेमतेम हलतो. ते पाना लावतात, थोडासा फिरवतात, काढतात, पालथा करतात, पुन्हा लावतात. पालथं केल्यावर तिरकेपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि जबडा पुढचा कोपरा पकडतो. सुलटा, पालथा, सुलटा, पालथा. तीस अंशांच्या फटीत बोल्ट पुरा बाहेर येतो. गाडीखाली उताणा पडलेला मेकॅनिक रोज हेच करतो. ती हालचाल कुणीतरी आधी साच्यात कोरून ठेवलेली असते.

दांड्याच्या मध्यावर आकडा कोरलाय. उलटा बारा, उलटा तेरा. छिन्नीची रेघ भिंगातून बघितल्यासारखी स्वच्छ आहे.

आता शेवटची परीक्षा. कोपऱ्यातल्या छोट्या शेगडीवर शिसं वितळतंय. उस्ताद दोन्ही साचे एकमेकांवर बसवतात, कडा जुळतात का ते चारी बाजूंनी नखाने चाचपतात, शिकंज्यात आवळतात आणि वरच्या भोकातून शिसं ओततात. एक मंद चकाकी आत जाते. थांबायचं. साचे उघडतात तेव्हा आत एक पाना पडलेला असतो, करडा, मऊ, कसल्याच कामाचा नाही. या जोडीचा हा पहिला पाना.

तो तुमच्या हातात देतात. अजून कोमट आहे. नख लावलं तर ओरखडा उठतो. कडेला अंगठा फिरवता आणि रेघ लागते, शिशातही तीच रेघ. आकडा सुलटा वाचता येतो: बारा, तेरा.

उस्ताद पाना तुमच्या हातून काढून घेतात. कॅलिपरने जबडा मोजतात, दांडा मोजतात, एका ठिकाणी थांबून पुन्हा मोजतात. उजेडाकडे धरून रेघेवरून नजर फिरवतात. मध्यावर, बाराच्या आकड्याजवळ, वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा केसभर सरकलेला आहे. तुम्हाला तो दिसत नाही. ते शिशाचा पाना शेगडीवरच्या भांड्यात परत टाकतात, तो कडांपासून विरघळायला लागतो, आणि स्टूल खिडकीजवळ ओढून कानस हातात घेतात.